जरा लाल करून द्या

पनवेलला उरण नाक्याजवळ एक फोटो स्टुडिओ आहे. त्याच्या मागच्या खोलीत विनिता घरत अकरा वर्षं बसते आहे आणि गेली पाच-सहा वर्षं लोकांचे कपडे लाल करते आहे. कपडे रंगवायचा कारखाना आहे असं कुणी समजू नये. पुढच्या खोलीत मालक धर्मराजशेठ फोटो काढतात आणि मागे विनिता ते कॉम्प्युटरवर दुरुस्त करते. पुटकुळ्या पुसायच्या, डोळ्यांखालचं काळं घालवायचं, पाठीमागची पोपडे गेलेली भिंत काढून तिथे बाग लावायची. पासपोर्ट, शाळा, बारसं, सगळे फोटो तिच्या हाताखालून जातात, पण स्टुडिओ चालतो तो बायोडेटाच्या फोटोंवर. मुलगी दाखवायची तर आधी तिचा फोटो दाखवावा लागतो, आणि त्या फोटोच्या पाकिटावर पेनाने एक वाक्य लिहून येतं, ‘जरा लाल करून द्या.’

हे वाक्य लिहिणाऱ्या अरुंधतीकाकूंचं वधू-वर सूचक केंद्र त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर आहे. काकू साठीच्या, गोऱ्या, बोलण्यात साखर घोळलेल्या. रायगड जिल्ह्यातल्या सगळ्या जातींची लग्नं जमवतात आणि प्रत्येकीला ‘अगं सोन्या’ म्हणतात. लाल रंगाचा शोध त्यांचा. सहा वर्षांपूर्वी रिया नावाची एक मुलगी नोंदवलेली होती. सावळी, नाकीडोळी नीटस, नर्सिंग झालेली. फोटोत तिने शेवाळी पंजाबी ड्रेस घातला होता. वर्षभर एका घरातून फोन आला नाही. मग एके दिवशी काकू खाली आल्या आणि म्हणाल्या, “विनिता, त्या हिरव्यामुळे ती मुलगी आजारी दिसते गं. जरा लाल करून बघ ना.” विनिताने दोन मिनिटांत ड्रेस लाल केला. बाकी काही नाही, नाक तेच, डोळे तेच, ओढणीची चुणीसुद्धा तीच. आठवडाभरात सात घरांतून फोन आले.

काकूंना आनंदाचं भरतं आलं. विनिताला मात्र वाटलं, योगायोग असेल. ती मुळातच संशयी. म्हणून तिने पुढचे दोन महिने एक उद्योग केला. प्रत्येक मुलीच्या फोटोच्या दोन प्रती, एक निळी किंवा हिरवी, एक लाल. अर्ध्या स्थळांना ही पाठवायची, अर्ध्यांना ती. निळ्या-हिरव्या प्रती जिथे गेल्या तिथे बहुतेक पडून राहिल्या. लाल गेल्या तिथून उत्तरं आली. आणि ती उत्तरं काकू जिन्यावरून उतरता उतरताच मोठ्याने वाचून दाखवायच्या, तेव्हा विनिताला किळस यायची.

कारण एकाही बाप्याने ‘लाल ड्रेस आवडला’ असं म्हटलं नाही. तसं म्हटलं असतं तर तिने सोडून दिलं असतं. एकजण म्हणाला, मुलीचे डोळे बोलके आहेत. दुसरा म्हणाला, हसण्यात निर्मळपणा आहे. एक बँकेतला साहेब म्हणाला, ही मुलगी माझ्या आईवडिलांना नीट सांभाळेल असं चेहऱ्यावरूनच कळतं. त्याच मुलीचा हिरवा फोटो गेलेल्या घरातून उत्तर आलं होतं, ‘मुलगी घमेंडी वाटते.’ एकच बाई, एकच क्षण, एकच हसू. एका रंगात ती सासूची सेवा करणार आणि दुसऱ्यात घमेंडी! विनिताला वाटायचं, या लोकांच्या डोळ्यांवर गार पाणी मारावं. खोटं बोलत असते तरी परवडलं असतं, कारण खोटं बोलणाऱ्याला निदान खरं काय ते ठाऊक असतं. यांना काहीच ठाऊक नव्हतं. चिंधी बघून पाघळायचं आणि वर संस्कार, स्वभाव, निर्मळपणा असले शब्द वापरायचे.

बायकांचंही काही वेगळं नव्हतं. काकूंनी मुलांचे कुर्तेही लाल करायला पाठवायला सुरुवात केली, तेव्हा मुलींकडून आणि त्यांच्या आयांकडून उत्तरं आली, मुलगा कर्तबगार दिसतो, पुढे जाईल. तो मुलगा दोन वर्षं घरी बसून होता हे विनिताला माहीत होतं. गव्हाणला, गावच्या घरी, तिच्या आईने कोंबड्या पाळल्या आहेत. ज्या कोंबड्याचा तुरा जास्त लाल त्याच्यामागे त्या धावतात. पण कोंबड्या निदान कर्तबगारीच्या गप्पा मारत नाहीत.

मराठीत फुशारकी मारण्याला आपली लाल करणं म्हणतात. कुणी लावला असेल हा शब्द कोण जाणे, पण विनिताला तो अगदी पटायचा. दिवसभर ती हेच करत बसायची, दुसऱ्यांची लाल. संध्याकाळपर्यंत डोळ्यांत लाल इतकं भरलेलं असायचं की पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं तर हिरवे डाग नाचायचे. घरी जाताना तिला खरोखर ओकारी आल्यासारखं व्हायचं. गाडीत समोर बसलेल्या पोरीच्या ओठांना लाली असली तरी ती मान फिरवायची. नोकरी का सोडली नाही म्हणाल, तर हे काम तिला उत्तम येत होतं आणि दुसरं काही येत नव्हतं.

यामुळे तिने स्वतः लाल नेसायचं सोडलं, त्याला पाच-सहा वर्षं झाली. राखी, मातकट, दुधाळ निळा, असलेच रंग. वय चौतीस, लग्न झालेलं नाही. गव्हाणच्या आगऱ्याच्या घरात चौतीस वर्षांची बिनलग्नाची मुलगी म्हणजे आईच्या जिवाला रोजचा घोर. आई चंद्रावती रोज जेवताना तोच विषय काढायची.

“विनी, तो राखी रंग अंगावर घालून फिरतंस तं लोकांना वाटतंय घरात कोनतरी वारलाय.”

“वाटू दे.”

“वाटू दे काय? मी मेल्यावर कोन बघील तुजेकडं?”

विनिता पुढचा घास घ्यायची. तिचा फोटो काकूंच्या फायलीत तीन वर्षं होता, राखी साडीतला, जसा काढला तसा. काकू हातापाया पडायच्या. “अगं सोन्या, तुझ्याच हातात आहे. दोन मिनिटांचं काम. लोकांच्या मुली तुझ्या जिवावर उजवल्या आणि तू अशी.” विनिता म्हणायची, नाही. मला बघून जो येईल तो यावा, साडी बघून येणारा नको. हे बोलताना तिची मान जरा ताठ व्हायची. खरं सांगायचं तर तिला स्वतःचा अभिमान होता. साऱ्या जगाला रंग फसवतो, मला नाही, असं तिला मनातून वाटायचं. तसं वाटून घेतल्याशिवाय त्या खोलीत इतकी वर्षं काढता आली नसती.

मग मार्च महिन्यात प्रभाकर आला.

प्रभाकर म्हात्रे, बेलपाड्याचा, सदतीस वर्षांचा. खारघरच्या टॉवरांमधल्या लिफ्ट दुरुस्त करायचं त्याचं काम. ड्युटी संपवून थेट आला होता, इस्त्री केलेला पांढरा शर्ट हँगरला अडकवून हातात धरलेला. धर्मराजशेठ जेवायला गेले होते म्हणून विनितानेच कॅमेरा लावला. उजेड बघायला एक फोटो काढला, मग तो आत जाऊन शर्ट बदलून आला. फोटो झाल्यावर तो पुन्हा ड्युटीचे कपडे घालून बाहेर आला, तेव्हा ती सवयीने म्हणाली, “गालावरचा तीळ काढते. केसही थोडे दाट करते.”

“नको,” तो म्हणाला. “तीळ ऱ्हाऊ दे. आन केस हायत तेवढेच ठेवा. उद्या पोरगी घरी आली की तिला दिसनारच हाय ना? मग आधीच कशाला फसवायचा?”

विनिता त्याच्याकडे बघतच राहिली. अकरा वर्षांत स्टुडिओत आलेल्या एकाही माणसाने असं म्हटलं नव्हतं. टक्कल झाकायला आलेले, पोट कापायला आलेले, उंची वाढवून मागणारे महाभाग तिने पाहिले होते, आणि हा माणूस तीळ राहू दे म्हणत होता. तिच्या छातीत काहीतरी सरकलं. तो बोलत होता, लिफ्ट अडकली की आतली माणसं कशी घाबरतात आणि तो बाहेरून त्यांच्याशी कसा गप्पा मारत बसतो, ते सांगत होता. तिला वाटलं, या माणसाच्या जवळ बसलं की उबदार वाटतं. नंतर तो प्रती घ्यायला आला, तेव्हाही ड्युटीवरूनच. तेव्हाही पंधरा मिनिटं बोलणं झालं. तो गेल्यावर विनिताने हातातल्या फोटोतल्या बाईचा एक कान चुकून पुसून टाकला.

दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन जिना चढली. काकू चहा पीत होत्या. “काकू, तो बेलपाड्याचा मुलगा. माझा फोटो त्याला द्या.” काकूंनी कप बशीत ठेवला. “लाल?” त्यांनी विचारलं. “राखी,” विनिता म्हणाली.

उत्तर चार दिवसांनी आलं. मुलगी ओळखीची आहे, स्वभावाने चांगली वाटली, पण मन होत नाही. काकूंनी या वेळी ते मोठ्याने वाचलं नाही, जवळ येऊन हळू सांगितलं. विनिताने ‘बरं’ म्हटलं आणि दिवसभर काम केलं. रडूबिडू आलं नाही. संध्याकाळी मात्र तिला आठवलं की हा माणूस निदान खोटं कारण देत नाही, आणि त्यामुळे तो तिला आणखीच आवडला. त्याचं तिला जास्त वाईट वाटलं.

मे महिन्यात गव्हाणला मनस्वीचं लग्न निघालं. मनस्वी विनिताच्या काकाची मुलगी, आणि नवरा बेलपाड्याचा. आजकाल त्यांच्या भावकीत एक रीत पडली आहे. लग्नाला घरच्या सगळ्या बायकांनी एकसारखी साडी नेसायची, एकाच दुकानातून, एकाच गठ्ठ्यातली. हळदीला पिवळी आणि लग्नाला लाल, असं ठरलं. चोवीस बायका, चोवीस लाल नऊवारी, सोनेरी काठ, अंबाड्यावर एकसारखा गजरा. विनिता नाही म्हणाली तेव्हा मैनाकाकीने कंबरेवर हात ठेवले.

“सगळ्या येकसारख्या, आन तू येकटी राखी? फोटोत काय डाग दिसंल. नेस गुमान.”

नेसली. आरशात पाहिलंही नाही. दिवसभर तिच्याकडे नवरीच्या दागिन्यांची पेटी सांभाळायचं काम होतं, म्हणून ती हॉलच्या बाजूच्या खोलीत पेटी मांडीवर घेऊन बसून होती. बाहेर बँजो दणदणत होता, साऱ्या बायका बेभान नाचत होत्या. ती एकदाच बाहेर आली, पाणी प्यायला. आणि नळाशी प्रभाकर उभा होता. नवऱ्याच्या भावकीतला निघाला तो.

“अरे, तुमी इकडं?” तो म्हणाला. तिच्याकडे पाहत राहिला. असं पाहणं फोटोंच्या वाट्याला येतं हे तिला ठाऊक होतं, स्वतः तिने ते कधी अनुभवलं नव्हतं. ती पाणी न पिताच परत फिरली.

तिसऱ्या दिवशी अरुंधतीकाकू जिना अक्षरशः पळत उतरल्या. मुलगा हो म्हणतोय! स्वतः फोन केला, आईला न विचारता केला, रविवारी भेटून बोलायचं म्हणतोय!

एखादीने लगेच नाक मुरडलं असतं. विनितानेही मुरडलं, पण अर्धा तासच. मग ती हिशेबाला लागली. साडीमुळे म्हणावं तर तशाच साड्या चोवीस होत्या. एकाच ताग्यातल्या. तिच्याहून तरुण मुली त्यात होत्या, तिच्याहून देखण्या होत्या. सगळ्याच लाल असतील तर लालचा काय फरक पडणार? चोवीस जणींतून त्याला ती दिसली. म्हणजे या खेपेला रंग बाजूला पडला आणि त्याने माणूस पाहिलं. हे तिला इतकं बिनतोड वाटलं की चार दिवस ती गुणगुणत होती. आईने तर कोंबडी कापली. विनिता लोकांचे फोटो लाल करत होती आणि तिला त्यांची किळस येत नव्हती. बिचारे, असं वाटत होतं.

रविवारी दुपारी स्टुडिओ बंद असतो. धर्मराजशेठनी किल्ली दिली. विनिता मुद्दाम राखी साडी नेसून आली. प्रभाकर बिस्किटी रंगाचा शर्ट घालून आला, भांग पाडून, हातात आंब्याच्या वड्यांचा पुडा. दोघं मागच्या खोलीत कॉम्प्युटरसमोरच्या दोन खुर्च्यांवर बसली. विनिताला जरा अवघडल्यासारखं झालं. तो आज काहीसा बुटका वाटत होता आणि कान बाहेर आले होते. पण ती मनात म्हणाली, पहिल्यांदा असंच व्हायचं.

तोही तिच्याकडे बघून नजर वळवत होता. शेवटी घसा खाकरून म्हणाला, “मी आधी नाय बोललो, त्याचा राग मानू नका. तवा मी तुमाला वळखलंच नव्हता. मना वाटला, गप गप असनारी बाई हाय. पन लग्नात बघितला ना, तवा कळला तुमच्यात केवडा जीव हाय.”

“पाण्याच्या नळाशी?”

“तिकडं बी. पन खरा सांगू? तुमी नाचत होत्या ना बँजोसमोर, मान मागं टाकून. मी लांबून बघत होतो. मनात बोललो, बस, हीच. येवडी मनमोकली बाई आपले घरात आली पायजे.”

विनिताला आधी नीट कळलंच नाही. मग कळलं. “मी नाचले नाही,” ती म्हणाली.

“नाचलात ना. मी अर्धा तास बघत होतो.”

“मी दिवसभर खोलीत दागिन्यांची पेटी घेऊन बसले होते. पाणी प्यायला आले तेवढीच.” तिने मोबाइल काढला, लग्नाचे फोटो भराभर सरकवले आणि एक त्याच्यापुढे धरला. “ही का?”

मान मागे टाकून, हात वर करून, घामाने निथळलेली. “हीच,” तो म्हणाला आणि मग त्याचं त्यालाच दिसलं.

“ही मनिषावहिनी. माझ्या चुलतभावाची बायको. दोन पोरं आहेत तिला.”

 विनिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी घाण तिला कधी वाटली नव्हती. लोक साडी बघून बाईला होकार देतात हे तिला ठाऊक होतं, पण या माणसाने कमाल केली होती. साडीची भुरळ नळाशी विनिताच्या अंगावर बघून पडली, मग ती साडी दुसरीच्या अंगावर नाचताना पाहिली आणि पसंती पुन्हा विनिताच्या पदरात आणून टाकली. मध्ये बाई बदलली याचा पत्ता नाही! चोवीस साड्यांत त्याला ती दिसली नव्हती. चोवीस साड्यांत त्याला एक साडी दिसली होती.

“म्हणजे तुम्हाला लाल लुगडं आवडलं,” ती म्हणाली.  “दोरीवर वाळत घातलेलं असतं तरी तुम्ही त्याला मनमोकळं म्हणाला असता. किळस येते हो मला. तुमचीच नाही, सगळ्यांची. पाच-सहा वर्षं मी हेच बघते आहे. तुम्ही वेगळे असाल असं वाटलं होतं.”

प्रभाकरची मान खाली गेली. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. तो सारवासारव करत नव्हता, एवढं मात्र खरं. मग त्याने विचारलं, आणि त्यात टोमणा नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“मग तुमी मना काय बघून पसंत केला?”

“मी?” विनिता ताडकन म्हणाली. “मी माणूस बघितलं. थांबा, दाखवते. तुम्ही तीळ काढू दिला नाहीत. सगळं नोंदलेलं आहे इथे.” तिने कॉम्प्युटर सुरू केला. मार्च महिन्याचा कप्पा उघडला, त्याच्या नावाचा. त्याच्या पांढऱ्या शर्टातला फोटो दाखवून, हा बघा तीळ, असं म्हणून त्याला गार करायचं होतं.

पण कप्प्यात पहिला फोटो पांढऱ्या शर्टातला नव्हता. उजेड बघायला काढलेला, शर्ट बदलायच्या आधीचा तो फोटो होता. तो पडदाभर उघडला. ड्युटीचा टी-शर्ट, खिशावर कंपनीचं नाव. आणि टी-शर्ट लाल होता. मिरचीसारखा भडक लाल. गळ्यापासून कमरेपर्यंत नुसता लाल.

विनिताचा हात माउसवरच राहिला.

“तो व्हय, ड्युटीचा,” प्रभाकर म्हणाला. “मना नाय आवडत. पन कंपनीत घालायलाच लागतंय.”

प्रती घ्यायला आला तेव्हाही ड्युटीवरून आला होता. दोन्ही वेळा. त्याच्याजवळ बसलं की उबदार वाटतं, हे तिला याच टी-शर्टासमोर वाटलं होतं. लिफ्टमधल्या घाबरलेल्या माणसांची गोष्ट तिने याच्याच उजेडात ऐकली होती. दिवसाला पन्नास वेळा हाताने हाच रंग ओतणारी बाई, आणि तिला तो समोर बसलेला दिसला नव्हता! तीळ दिसला. तीळ म्हणजे तिच्यापुरते ते बोलके डोळे आणि ते निर्मळ हसू.  बँकेतल्या त्या साहेबाला जेवढ्या शिव्या दिल्या होत्या तेवढ्या सगळ्या आता तिच्या अंगावर येऊन बसल्या. उठावं, तोंड धुवावं, चूळ भरावी असं वाटलं.

तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. बिस्किटी शर्ट. बाहेर आलेले कान. बरा माणूस होता, खोटं न बोलणारा, आंब्याच्या वड्या आणणारा. ती थांबली. मनात काहीतरी हलावं म्हणून तिने खरंच वाट पाहिली, मनापासून पाहिली. तोही तिच्याकडे पाहत होता, राखी साडीकडे, तिच्या थकलेल्या डोळ्यांकडे, आणि तोही बहुधा तेच करत होता.

“काय वाटतंय?” तिने विचारलं. आता ती घरच्या बोलीत आली होती. “खरा सांगा.”

प्रभाकर म्हणाला, “खरा सांगू? काय नाय.”

“मनाबी,” विनिता म्हणाली.

 मग तो उठला. वड्यांचा पुडा टेबलावर राहू द्यावा की न्यावा हे त्याला कळेना, शेवटी तो ठेवून गेला. जाताना दार त्याने हळू ओढून घेतलं. विनिताने कॉम्प्युटर बंद केला आणि काळ्या पडद्यासमोर रडली. स्थळ गेलं म्हणून नाही. इतकी वर्षं ज्या जागी उभं राहून ती बाकीच्यांना हसत होती ती जागाच नव्हती, म्हणून.

दुसऱ्या दिवशी अरुंधतीकाकू सकाळीच खाली आल्या. “अगं, झालं काय? त्याच्या आईचा फोन आला होता, मुलगा काही बोलत नाही म्हणे. नकार कुणी दिला? तू की त्याने?”

“दोघांनी.”

“आणि कारण?”

विनिताने कारण सांगितलं. सगळं. साडी, मनिषावहिनी, टी-शर्ट. काहीही लपवलं नाही. तिला वाटलं, या इमारतीत एकदा तरी खरं कारण बोललं जाऊ दे. काकू ऐकत होत्या, आणि ऐकता ऐकता त्यांचा चेहरा आंबट होत गेला.

“सोन्या, हे मी त्या माउलीला कसं सांगू? तिला वाटेल, दोघांची डोकी फिरली. आणि असं कारण दिलं तर माझं केंद्र बंद करावं लागेल गं. मी आपलं पत्रिका जुळत नाही म्हणून सांगते. तूही घरी तेच सांग. कुणी पुढे विचारत नाही.”

विनिता म्हणाली, “सांगा.” म्हणताना तिला स्वतःचा वीट आला, पण म्हणाली.

संध्याकाळी गव्हाणला पोचली तेव्हा आई ओटीवरच बसली होती. कालपासून काही विचारलं नव्हतं, मुलीचं तोंड बघून धीर झाला नव्हता. आज तिने चपला काढू दिल्या, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि मग विचारलं.

“काय झाला गो? पोऱ्या चांगला होता ना?”

“चांगला होता.”

“मग?”

विनिताने तांब्या तोंडाला लावला, थोडं पाणी प्यायली. आईकडे न बघता म्हणाली, “पत्रिका नाय जुळली.”

 कोंबड्या खुराड्यात शिरत होत्या, तिकडे चंद्रावतीचं लक्ष नव्हतं. ती लेकीच्या तोंडाकडे बघत होती.

“विनी,” ती हळूच म्हणाली, “तुजी पत्रिका तं आमी कवा केलीच नाय गो.”